तोरंजनाची साल, तिरफळ आणि आमची वाटचाल

आमच्या वेंगुर्ल्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधतात. कवंडळं, हरणं, शेरवडं, आंब्याचे टाळे, सुपारीचं शिपटं, नारळ आणि मधोमध एक मोठ्ठं तोरंजन. तोरंजन म्हणजे पुण्यामुंबईकडे ज्याला पपनस म्हणतात ते. विसर्जन झालं की माटवी उतरवायची, तोरंजन सोलून साखरमीठ लावून खायचं आणि साल माडाच्या मुळात टाकायची, हे लहानपणापासून बघत आलोय. २०१६ च्या गणपतीत मी ती साल टाकू दिली नाही, बटाटे सोलायच्या सुरीने वरची पिवळीहिरवी पातळ साल काढली आणि सुपात पसरून ठेवली, तेव्हा आई म्हणाली, "मेल्या, साली कोण इकत घेतलो?" आज तीच साल सुकवून बिअर बनवणाऱ्यांना विकतो, आणि त्यावर आमचं घर आणि वाडीतल्या सात बायकांचा हंगामातला रोजगार चालतो, म्हणून ही गोष्ट नीट सांगावीशी वाटली.

तर सुरुवात इथे झालीच नाही. मी २०११ ते २०१५ इंग्लंडमध्ये एका हॉटेलच्या किचनमध्ये होतो. ज्यांच्या घरी भाड्याने राहायचो ते आजोबा रिटायर्ड होते आणि दर दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात बिअर बनवायचे. तिकडे आपल्यापुरती घरी बनवायला १९६३ पासून लायसन लागत नाही, त्यामुळे दुकानात माल्ट (मोड आणून सुकवलेलं जव), हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं), यीस्ट सगळं मिळतं, जसं आपल्याकडे पापडाचं पीठ मिळतं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना भांडी धुवायला मदत करायचो. आणि खरं सांगतो, या कामात अर्धं काम भांडी धुण्याचंच आहे, एक नळी नीट निर्जंतुक केली नाही तर २३ लिटर आंबट होऊन मोरीत जातं.

त्यांचा आवडता प्रकार पेल एल, म्हणजे फिकट माल्टची बिअर. फिकट माल्ट भरडून ६६-६७ डिग्रीच्या पाण्यात तासभर भिजवायचा, त्यातल्या स्टार्चची साखर होते, ते गोड पाणी गाळून घ्यायचं, मग तासभर उकळायचं. सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडूपणा देतात आणि शेवटी टाकलेले वास देतात, कारण वासाची तेलं उकळीत उडून जातात. मग पटकन १८-२० डिग्रीला थंड करून यीस्ट घालायचं आणि आठ-दहा दिवस गप्प बसायचं. हायड्रोमीटरवर, म्हणजे साखर किती उरली ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर, सुरुवातीला १.०५० आणि शेवटी १.०११ आलं की साधारण पाच टक्क्यांची बिअर झाली. बाटलीत भरताना लिटरला पाच-सहा ग्रॅम साखर घालायची, दोन आठवड्यात फेस धरतो. आजोबा त्यात संत्र्याची साल आणि कुटलेले धणे घालायचे. बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये ही जोडी फार जुनी आहे, ते तीच पेल एलमध्ये वापरायचे.

आता आईने मला निघताना जे डबे दिले होते त्यात तिरफळं होती, आमच्याकडचा माशाच्या कालवणातला मसाला, बांगड्याच्या तिखल्यासाठी. तिकडे बांगडा मिळायचा, तिखलं व्हायचं, आणि घरभर वास सुटायचा. एकदा आजोबांनी ते तिरफळ हातात घेतलं, चुरडलं, नाकाला लावलं आणि विचारलं की हे लिंबाच्या घरातलं झाड आहे का. मी नाही म्हटलं. नंतर शोधलं तर त्यांचंच बरोबर, तिरफळ लिंबू-संत्र्याच्याच कुळातलं. इतकी वर्षं आमच्या मसाल्याच्या डब्यात ते आहे आणि मला माहीत नव्हतं.

पुढच्या बॅचला आम्ही तिरफळ घातलं. पहिल्यांदा चुकलंच, बियांसकट दहा ग्रॅम घातली आणि तासभर उकळली, चव आली साबणासारखी आणि कडवट. दुसऱ्यांदा काळ्या बिया काढून टाकल्या, फक्त टरफलं घेतली, २३ लिटरला तीन ग्रॅम, गॅस बंद केल्यावर टाकून दहा मिनिटं झाकून ठेवली, जसं आपण तिखल्यात शेवटी ठेचून टाकतो तसंच. सोबत संत्र्याऐवजी ग्रेपफ्रूटची साल. ती बाटली तीन आठवड्यांनी उघडली तेव्हा आधी लिंबाचा वास, मग माल्टचा गोडवा आणि शेवटी जिभेच्या टोकाला हलक्या मुंग्या. मला त्या थंडीत आमच्या मागच्या पडवीची आठवण आली.

ग्रेपफ्रूटचं पण एक सांगायला हवं. ते फळ म्हणजे तोरंजन आणि गोड संत्र्याचा संकर, वेस्ट इंडिजमध्ये बार्बाडोसला झालेला. आणि पेल एलमध्ये जो कॅस्केड नावाचा अमेरिकन हॉप वापरतात, १९७२ साली आलेला, त्याला ग्रेपफ्रूटसारखाच वास येतो. म्हणजे सगळी दुनिया ज्या वासाच्या मागे लागलीय त्याचं मूळ फळ आमच्या माटवीत लटकतं आणि आम्ही साल माडाला घालतो. हे डोक्यात बसलं ते बसलंच.

परत आल्यावर सगळ्यात आधी एक गोष्ट स्वतःला स्पष्ट करून घेतली. महाराष्ट्रात लायसनशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्यामुळे घरी बनवायचा विचार सोडला. कोणी मला रेसिपी विचारतं तेव्हा हेच आधी सांगतो. पण पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी, म्हणजे स्वतःची बिअर बनवणाऱ्या छोट्या भट्ट्या, सुरू झाल्या होत्या, नंतर मुंबईत, आणि आमच्या बाजूलाच गोवा. त्यांच्याकडे लायसन आहे, टाक्या आहेत, शिकलेले ब्रुअर आहेत. चांगली साल आणि मसाला मात्र ते बाहेरून मागवत होते किंवा बाजारातून मिळेल ते घेत होते. म्हटलं हे आपण देऊ.

२०१७ मध्ये फूड सेफ्टीचं रजिस्ट्रेशन घेतलं आणि सुरुवात केली. मी, बायको आणि आई. पहिलं सॅम्पल घेऊन सावंतवाडीहून रात्रीच्या गाडीने पुण्याला गेलो. तिथल्या ब्रुअरने दोन पाकिटं उघडली, साल मोडून बघितली, वास घेतला आणि म्हणाला ५०० लिटरच्या टाकीला घालून बघतो. हिशोब केला तर सुकी साल सव्वादोनशे ग्रॅम आणि तिरफळ ६५ ग्रॅम. मी आपला मनात किलोचे भाव मांडून बसलो होतो. तेव्हाच कळलं की या धंद्यात माल थोडा लागतो, म्हणजे गिऱ्हाईकं भरपूर हवीत आणि प्रत्येक पाकीट पहिल्यासारखंच हवं. ब्रुअरला दर वेळी तीच चव लागते, या वर्षी साल कडू आणि पुढच्या वर्षी गोड असं चालत नाही.

२०१८ ला पहिली मोठी ऑर्डर आली, आठ किलो साल. आठ किलो म्हणजे साधारण साडेचारशे तोरंजनं, कारण एका फळाची वरची साल निघते साठ-सत्तर ग्रॅम आणि सुकून राहते पंधरा-अठरा. वाडीत, शिरोड्यात, आरोंद्यापर्यंत फिरून फळं जमवली. भाद्रपदातलं ऊन तुम्हाला माहितीय, तासभर कडक आणि मग सर येते. आत-बाहेर, आत-बाहेर करत साली सुकवल्या, दिसायला छान झाल्या आणि घाईघाईत गरम गरमच पिशव्या सील केल्या. बारा दिवसांनी फोन आला की सगळ्याला बुरशी आहे. पिशवीत घाम धरला होता. मी सगळे पैसे परत पाठवले, बायकोच्या बचतगटाचं कर्ज काढून. त्या आठवड्यात घरात कोणी फारसं बोललं नाही. पण तो ब्रुअर मोठ्या मनाचा, म्हणाला नीट कर आणि परत पाठव, बाकी कोणाकडे हा वास नाहीये.

मग ड्रायर घेतला, ट्रेचा, विजेवर चालणारा. त्यातही शिकायला एक हंगाम गेला. सुरुवातीला घाई म्हणून ७० डिग्रीला लावायचो. शेडमध्ये असा घमघमाट सुटायचा की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून विचारायची, आम्हाला वाटायचं वा, काय माल झालाय. पाकीट उघडलं की मात्र गवतासारखा वास. बायकोच्याच लक्षात आलं, ती म्हणाली अहो, जो वास शेडमध्ये आला तो पाकिटातून गेला ना! तेव्हापासून ४५ डिग्रीच्या वर जात नाही, नऊ-दहा तास लागतात, आणि शेडमध्ये वास कमी आला की आम्हाला बरं वाटतं. साल वाकवली की कट् असा आवाज करून तुटली पाहिजे, वाकून परत आली तर अजून पाणी आहे. मग रात्रभर बंद डब्यात थंड करायची आणि सकाळी भरायची.

सोलण्याचं काम तर हातानेच. सालीखालचा पांढरा कापसासारखा भाग जरा जरी आला तरी बिअर कडवट होते, आणि तो कडूपणा हॉप्सच्या कडूपणासारखा स्वच्छ नसतो, घशात चिकटून राहतो. आमच्या काकी, वय ६८, चष्मा लावत नाहीत, पण त्यांनी काढलेली साल उजेडाला धरली तर पलीकडचं बोट दिसतं. मशीन घ्या म्हणून बऱ्याच जणांनी सांगितलं, दोन बघून पण आलो, काकींच्या हाताची सर नाही.

तिरफळाचं काम वेगळं. झाडाला खोडापासून काटे, त्यामुळे पूर्वी लोक कुंपणातलं झाड तोडून टाकायचे. पाऊस सरता सरता घोस काढायचे, सुकवले की फळ उकलतं आणि आतली काळी चकचकीत बी बाहेर डोकावते. ती बी एकेक काढावी लागते, राहिली तर खडा चावल्यासारखं होतं आणि वास तर तिला काहीच नाही, सगळा जीव टरफलात. आम्ही साफ केलेल्या टरफलाचा दर किलोवर देतो आणि झाडवाल्याला झाडामागे वेगळे पैसे, कापू नये म्हणून. आमच्या आणि बाजूच्या दोन वाड्यांत मिळून गेल्या काही वर्षांत एकही तिरफळ तुटलेलं नाही. मला याचा सगळ्यात जास्त आनंद आहे.

२०२० च्या मार्चमध्ये सगळ्या ब्रुअरी बंद झाल्या आणि ऑर्डर शून्यावर आली. मग तेच तिरफळ छोट्या पाकिटात मुंबईच्या चाकरमान्यांना विकलं, गावाला येता येत नव्हतं तर निदान तिखलं तरी गावचं. ती गिऱ्हाईकं अजून आहेत. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळ आलं, शेडचे पत्रे उडाले, ड्रायरवर फणसाची फांदी पडली. ड्रायर दुरुस्त होण्यासारखा नव्हता. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत तेव्हा ३५ टक्के अनुदान मिळत होतं, त्यातून नवीन घेतला, कागदपत्रांना बरेच महिने गेले पण मिळालं. ज्यांना असा छोटा उद्योग करायचाय त्यांनी अशी योजना चालू आहे का ते जरूर बघा.

आता साल आणि तिरफळाबरोबर ईडलिंबाची साल, आमच्याच माडाबागेतली दालचिनी, जायफळ आणि जायपत्री देतो. दालचिनी कोकण तेज, जायफळ कोकण सुगंधा, दोन्ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती. माडांच्या मधल्या जागेत मसाल्याची झाडं लावायची हे आम्हाला त्यांच्याच लोकांनी शिकवलं. धणे मात्र आमच्याकडे होत नाहीत, कोणी मागितले तर सरळ सांगतो की बाहेरून घ्या.

ब्रुअरना मी एकच विनंती करतो, साल आणि तिरफळ उकळीत घालू नका, आच बंद केल्यावर घाला. आणि पहिल्यांदा निम्मंच घाला. तिरफळ जास्त झालं तर काढता येत नाही, कमी पडलं तर थोड्या वोडकामध्ये भिजवून तो अर्क नंतर टाकीत घालता येतो. सालीचं पण तसंच, जास्त झाली तर तिच्या तेलाने फेस टिकत नाही. एका ब्रुअरने आमचं ऐकून तीनदा छोट्या बॅच केल्या आणि चौथ्यांदा टाकी भरली. गेल्या हिवाळ्यात मी आणि बायको तिथे गेलो होतो. ग्लास समोर आला, बायकोने फक्त वास घेतला आणि म्हणाली, काकींच्या हाताला येतो तसा वास येतोय.

इंग्लंडच्या आजोबांना दर वर्षी पन्नास ग्रॅम तिरफळ पोस्टाने जातं. आता ८१ वर्षांचे आहेत, मोठं भांडं उचलत नाही म्हणून दहा लिटरचीच बॅच करतात. यंदा त्यांनी जायपत्री पण मागवलीय, वीस ग्रॅम. ती अजून ट्रेमध्ये आहे, बहुतेक परवा भरता येईल.