तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रान्सफरच्या फॉर्ममध्ये ग्रेड चुकली, आता काय?

"ताई, फॉर्ममध्ये एक ग्रेड चुकीची गेली, आता अ‍ॅडमिशन कॅन्सल होणार का?" डिसेंबर लागला की हा प्रश्न सुरू होतो. कधी मेसेजवर येतो, कधी लग्नाच्या पंगतीत, आणि मुलांपेक्षा मुलांच्या आयाच जास्त विचारतात. परवा तर राजवाड्याजवळ भाजी घेताना एका काकूंनी पिशवी खाली ठेवून विचारलं. मी अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या कॉलेजमधून, युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेतली होती, आता परत इंदूरला रामबागेत राहते, घरूनच काम करते, त्यामुळे आपल्या लोकांत या विषयातली एक्स्पर्ट मीच असा समज झालाय. एक्स्पर्ट वगैरे काही नाही, मी फक्त ती चूक स्वतः करून बसलेली आहे.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर, एका आकड्याच्या चुकीने सहसा काही होत नाही, कळवून टाका. पण तुम्ही ज्या चुकीला घाबरताय ती बहुतेक वेळा खरी चूक नसतेच, खरी दुसरीकडे बसलेली असते. माझ्या बाबतीत ती पप्पांच्या एलआयसीच्या फाईलमध्ये बसली होती. सांगते.

मी इंदूरला बीएस्सीचं एक वर्ष केलं होतं, २०१३-१४ ला, तेव्हा आमच्याकडे सेमिस्टर पद्धत होती. पहिल्या सेमिस्टरला मॅथ्समध्ये एटीकेटी लागली, ती नंतर काढली, मग कॉलेज सोडलं आणि २०१५ ला मामाकडे सॅन होजेला गेले, तिथल्या कम्युनिटी कॉलेजमध्ये. तिथून २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या चार कॅम्पसला ट्रान्सफरचा फॉर्म भरला. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या फॉर्मला सुरुवातीला कुठलीही मार्कशीट जोडायची नसते. बारावीनंतर जगातल्या ज्या ज्या कॉलेजात तुम्ही नाव घातलं त्या सगळ्यांचे सगळे विषय आणि ग्रेड स्वतःच्या हाताने टाईप करायचे, ते तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात, जानेवारीत तुम्ही ताज्या ग्रेड अपडेट करता, आणि प्रवेश मिळाल्यावर उन्हाळ्यात, १ जुलैपर्यंत, ऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजने दिलेला सगळ्या विषयांचा आणि ग्रेडचा कागद, मागवून तुम्ही लिहिलेलं आणि कॉलेजने लिहिलेलं शेजारी शेजारी ठेवून बघतात. तोपर्यंत प्रवेश प्रोव्हिजनल. म्हणजे घाबरायला बरोब्बर सात महिने मिळतात.

तर माझ्याकडे इंदूरची मार्कशीट नव्हती, ती घरी कपाटात. पप्पांना म्हटलं फोटो पाठवा. आता आमच्या आजोबांना लॅमिनेशनचं वेड, घरात रेशन कार्डापासून माझ्या तिसरीच्या चित्रकलेच्या सर्टिफिकेटपर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये. पप्पांनी ट्यूबलाइटखाली धरून फोटो काढला, प्लास्टिकवर उजेडाचा पांढरा पट्टा आला आणि केमिस्ट्रीच्या आकड्यावरून तो बरोब्बर तिरका गेला. मला ४८ दिसले. मी ४८ टाकले.

डिसेंबरमध्ये पप्पा ट्रान्सक्रिप्ट काढायला गेले, सीलबंद लिफाफ्यांसोबत एक सुटी प्रत त्यांनी मागून घेतली आणि तिचा फोटो पाठवला. साधा कागद, चमक नाही काही नाही, आणि त्याच्यावर स्वच्छ ४३.

पाच मार्क! मी तीन रात्री झोपले नाही. मामी म्हणाली अगं पाच मार्कांनी काय होतंय, पण मला फॉर्मच्या शेवटचं ते वाक्य पाठ झालं होतं, की दिलेली माहिती खरी आहे, चूक निघाली तर प्रवेश रद्द होऊ शकतो, आणि खाली माझी सही. मी मनातल्या मनात त्यांच्या ऑफिसातला एक माणूस तयार केला, चष्मेवाला, तो माझा फॉर्म धरून दुसऱ्याला दाखवतोय की ही बघ, पाच मार्क वाढवून घेतलेत हिने. कोण कशाला पाच मार्क वाढवेल, वाढवायचेच तर वीस वाढवले असते ना!

चौथ्या दिवशी पप्पांशी फोनवर बोलताना ते सहज म्हणाले, की परीक्षा विभागातले जे बाबूजी होते ना, भला माणूस हं, त्यांनी लिफाफा बंद करायच्या आधी मला समोर बसवून मोजायला लावलं. म्हणाले, "साहब, पहले लाइनें गिन लो, नंबर बाद में देखना." म्हणजे कागदावर विषयांच्या ओळी किती आहेत ते आधी मोजा, एखादा पेपरच राहून गेला असेल तर मार्क बघून काय उपयोग. पप्पांना त्याचं फार कौतुक वाटलं होतं, बँकेतले ना ते, मोजणारा माणूस दिसला की खूश.

मी फोन ठेवला आणि नुसतं करायचं म्हणून ओळी मोजल्या. कागदांवर पंधरा, माझ्या फॉर्मवर चौदा.

परत मोजल्या. चौदाच. राहिली होती ती एटीकेटीची ओळ. मॅथ्समध्ये मी पास झाले तेवढंच मी लिहिलं होतं, आधी नापास झाले तो प्रयत्न नाही. आणि खरं सांगते, लपवायचं म्हणून नाही, पप्पांनी फोटो पाठवलेच नव्हते त्याचे, कारण ती मार्कशीट वेगळी होती आणि आजोबांनी ती लॅमिनेट केली नव्हती. चांगल्या मार्कांची लॅमिनेट, ही चार घड्या घालून एलआयसीच्या फाईलमध्ये. निदान तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं. आता दहा वर्षांनी वाटतं की थोडं मला आठवतही असणार, आणि फोटोत नाही म्हणजे नाही असं समजून मी बोटं पुढे सरकवली असणार.

बघा, तीन रात्री ज्याच्यासाठी घालवल्या ते पाच मार्क होते आणि अख्खा नापास पेपर फॉर्मवर नव्हताच.

हे मी सगळ्यांना सांगते आणि तरी सगळे मला आकडेच दाखवतात. ए मायनसच्या जागी ए पडला, ताई आता? हिशोब करून बघा की. ट्रान्सफरला तिथे प्लस-मायनस धरतात, ए म्हणजे ४.० आणि ए मायनस म्हणजे ३.७, फरक ०.३. चार युनिटचा (युनिट म्हणजे कोर्सचं वजन) कोर्स असेल आणि तुमचे एकूण साठ युनिट झाले असतील (ट्रान्सफरला साधारण साठ सेमिस्टर युनिट लागतातच) तर पूर्ण जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची सरासरी, किती हलला? ०.०२. तीन पॉइंट सत्तरचा तीन पॉइंट अडुसष्ट. तुम्ही अगदी किमान अटीच्या काठावर उभे असाल, किंवा तो तुमच्या मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा, लागणारा कोर्स असेल, तर ही गोष्ट वेगळी, नाहीतर कळवा आणि झोपा.

कोर्सच्या नावात स्पेलिंग चुकलं, नाव अर्धवट लिहिलं, याला तर मी आता उत्तरच देत नाही.

मात्र एक चूक आपल्याकडची मुलं हौसेने करतात, ती म्हणजे इंदूरचे टक्के स्वतःच अमेरिकन ग्रेडमध्ये बदलून टाकणं. ६२ टक्के म्हणजे आपल्याकडे फर्स्ट डिव्हिजन, आजी शेजारी पेढे वाटते, आणि तिकडच्या वर्गात ६२ म्हणजे डी, जेमतेम. म्हणून मुलं घाबरून कुठल्या तरी वेबसाइटवर जाऊन त्याचा बी प्लस करून आणतात. नका करू भिया. जसं मार्कशीटवर आहे तसंच उतरवायचं, टक्के तर टक्के, मार्क तर मार्क, बाहेरच्या देशातल्या ग्रेड बदलू नका असं ते सांगतातच, भारतातला फर्स्ट डिव्हिजन काय असतो ते त्या लोकांना माहीत असतं, रोजचं काम आहे त्यांचं. तुम्ही बदललंत की तुमचा कागद आणि तुमचा फॉर्म यांचा मेळ कधीच बसणार नाही आणि मग ती चूक राहत नाही, ती तुमची कारागिरी दिसते.

आणि दुसरं, जे हळू आवाजात विचारतात. इंदूरचं ते एक वर्ष सांगितलंच नाही तर त्यांना कसं कळणार? किंवा डब्ल्यू, म्हणजे मध्येच सोडलेला कोर्स, त्याचे तर मार्कही नसतात, तो कशाला लिहायचा? डब्ल्यूचं सोपं आहे, तो तुमच्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर छापलेला असतो, १ जुलैला तोच कागद त्यांच्या हातात जातो. इंदूरच्या वर्षाचं म्हणाल तर व्हिसाचा फॉर्म काढून बघा, डीएस-१६०, त्यात मागचं शिक्षण विचारतात आणि तिथे तुम्ही, नाहीतर तुमच्या एजंटने, ते वर्ष भरलेलं असणार. एकाच माणसाची दोन फॉर्मवर दोन आयुष्यं, कशाला हवंय.

तर मी काय केलं. चारही कॅम्पसला लिहिलं. पहिला मसुदा दीड पानाचा होता, त्यात आजोबा, लॅमिनेशन, ट्यूबलाइट सगळं होतं, आणि माफी सहा वेळा. मामाने वाचला आणि म्हणाला, हे वाचून मलाच संशय यायला लागला तुझा. मग चार ओळी उरल्या: माझं नाव आणि अ‍ॅप्लिकेशन नंबर, फॉर्मवर अमुक लिहिलंय, मार्कशीटवर तमुक आहे, हा एक प्रयत्न लिहायचा राहिला, सोबत स्कॅन. दोन्ही चुका एकाच मेलमध्ये, कारण आज केमिस्ट्री आणि पुढच्या आठवड्यात मॅथ्स असं केलं तर तिसऱ्या आठवड्यात ते आणखी कशाची तरी वाट बघत बसतील. एका कॅम्पसने दुसऱ्या दिवशी नोंद केली म्हणून कळवलं, दोघांनी आठवड्याभरात, चौथ्याचं उत्तर आलंच नाही. चौथ्याने पुढे प्रवेशही दिला नाही, आणि आई आजतागायत म्हणते की त्या मेलमुळेच, कशाला सांगायला गेलीस. मला ते खरं वाटत नाही, पण नाही असं ठामपणे सांगताही येत नाही, त्यामुळे तो विषय निघाला की मी चहा ठेवायला जाते.

प्रवेश मिळाला तरी धाकधूक संपली नव्हती, कारण नेमकं त्याच वर्षी, २०१७ च्या जुलैच्या शेवटी, अर्वाइन कॅम्पसची बातमी आली. त्यांच्याकडे अपेक्षेपेक्षा आठशेच्या आसपास मुलं जास्त झाली होती आणि त्यांनी ४९९ जणांचे प्रवेश मागे घेतले, त्यातले २९० ट्रान्सक्रिप्टच्या भानगडीत, बाकीचे मार्क घसरले म्हणून. ती मुलं बारावीतून जाणारी होती, माझ्यासारखी ट्रान्सफरवाली नाही, आणि माझा कॅम्पसही दुसरा, पण मावशीने ती लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं "हे बघितलंस का". बघितलं मावशी. मोठा गोंधळ झाला, मग ऑगस्टच्या सुरुवातीला तिथल्या चॅन्सलरनी माफी मागितली, आणि ज्यांनी खोटी माहिती दिली किंवा जे मार्कांच्या अटीत बसत नव्हते ते सोडून बाकीच्यांना परत घ्यायचं ठरलं. मी ती बातमी तेव्हा दहा वेळा वाचली असेल. त्यातून मला कळलं ते एवढंच की कागद वेळेवर न पोचणं हेसुद्धा केवढं महागात पडू शकतं, म्हणून इंदूरहून ट्रान्सक्रिप्ट मागवायचं असेल तर मे महिन्याची वाट बघू नका, सुट्ट्या, उन्हाळा, परीक्षांचं काम, खिडकीवर कोण भेटेल काही सांगता येत नाही, आणि लिफाफ्याचं सील घरी कौतुकाने कोणी उघडणार नाही एवढं बघा. आमच्याकडे आजोबांपासून लपवून ठेवावा लागला होता.

अजून एक राहिलं, ते लोक विसरतात. फॉर्ममध्ये तुम्ही पुढच्या सेमिस्टरला घेणार म्हणून लिहिलेला कोर्स नंतर सोडलात किंवा बदललात तर तेही कळवायचं असतं, ती चूक नाही पण न सांगितल्यावर चुकीसारखीच दिसते.

गेल्या आठवड्यात सुदामा नगरमधल्या एका ओळखीच्या काकूंच्या मुलीने, ती तिकडेच शिकते, मला अकरा स्क्रीनशॉट पाठवले, कुठे बी प्लसचा बी झालाय त्यावर लाल गोल करून. म्हणजे स्वतःचंच नुकसान केलेलं आणि त्यालाही घाबरलेली. मी विचारलं, फॉर्मवर ओळी किती, ट्रान्सक्रिप्टवर किती? बराच वेळ काही नाही. मग आलं, "ताई एक कमी आहे." दुसऱ्या कॉलेजात ऑनलाइन केलेला उन्हाळ्यातला कोर्स, सी आला होता.

रात्री तिने मेलचा मसुदा पाठवला. पावणेदोन पानं. मी आजोबा शोधत होते, तिच्या मसुद्यात आजी होती.