पदक मिळाल्यानंतरची सकाळ

ऑगस्ट २००८ मध्ये बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी १० मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिकमधील भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण होते. पुढे त्यांनी जाहीरपणे सांगितले की, आयुष्यातील सर्वांत मोठी मानसिक कोंडी त्यांनी अपयशानंतर नव्हे, तर या यशानंतर अनुभवली. ज्या एका ध्येयासाठी वर्षानुवर्षे दिवस आखलेला असतो, ते हाती आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठायचे कशासाठी, हा प्रश्न पराभूत खेळाडूला पडत नाही. त्याला निदान पुढची स्पर्धा दिसत असते.

खेळाने मन प्रसन्न राहते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि ते खोटे नाही. नियमित व्यायामाने झोप सुधारते, चिंता आणि नैराश्याची लक्षणे कमी होण्यास मदत होते, सोबती मिळतात. परंतु हौसेने खेळणाऱ्याला मिळणारा हा लाभ, ज्याची ओळख, मिळकत आणि प्रतिष्ठा एकाच खेळावर अवलंबून असते, त्याच्या वाट्याला तसाच येईल असे गृहीत धरता येत नाही. ऑलिंपिकमध्ये २८ पदके जिंकणारे अमेरिकन जलतरणपटू मायकल फेल्प्स यांनी स्पर्धा संपल्यावर येणाऱ्या तीव्र नैराश्याविषयी आणि जगण्याची इच्छाच न उरल्याविषयी मोकळेपणाने सांगितले आहे.

मी त्या पातळीच्या जवळपासही कधी नव्हते. काही वर्षे मध्यम पल्ल्याच्या शर्यती धावत होते, एवढेच. तरीही नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊन सक्तीची विश्रांती घ्यावी लागली, तेव्हा पायाच्या दुखण्यापेक्षा रिकाम्या पहाटेने मला अधिक छळले. थकवून गाढ झोप आणणारा सराव बंद झाला, ज्यांच्याशी रोज बोलणे होई ती मंडळी मैदानावर राहिली, आणि ‘मी धावते’ या वाक्याखेरीज स्वतःविषयी सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नाही, हे ध्यानात आले. दुखापत होते तेव्हा मन सावरण्याची खेळाडूची नेहमीची साधनेही नेमकी त्याच दिवशी हातातून जातात. लोक मात्र हाड कधी जुळेल तेवढेच विचारतात. (मीही इतरांना तेवढेच विचारत असे, हे कबूल करायला हवे.)

मनाचे दुखणे लपवण्याची सवय येथूनच लागते. पाय दुखतो म्हटले की विश्रांती मिळते, मन थाऱ्यावर नाही म्हटले की संघातील जागा जाण्याची भीती वाटते. म्हणूनच २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स यांनी सांघिक अंतिम फेरी मध्येच सोडली, ही घटना मला त्यांच्या अनेक पदकांहून मोलाची वाटते. व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन टेबलासारख्या साधनावरून घ्यायच्या उडीत, हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या असताना त्यांच्याकडून दीडच झाली, कारण आपले शरीर हवेत नेमके कुठे आहे याचे भानच हरपले होते. अशा स्थितीत पुढची उडी मारली असती, तर मानेवर पडण्याचा धोका होता. म्हणजे ज्याला अनेकांनी कच खाणे म्हटले, तो शरीर वाचवण्याचा सरळ निर्णय होता. आठवडाभराने त्या बॅलन्स बीमवर, म्हणजे तोल सांभाळत कसरती करायच्या अरुंद तुळईवर उतरल्या, तेव्हा शेवटच्या उडीतून गिरकी वगळली होती, आणि त्यांनी कांस्यपदक मिळवले. लंगडणाऱ्या पायाला झेपेल तेवढाच भार द्यावा, तसे त्यांनी मनाच्या बाबतीत केले.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ मध्ये अव्वल खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर तज्ज्ञांचे निवेदन प्रसिद्ध केले, आणि नंतर संघाच्या डॉक्टरांसाठी तपासणीची प्रश्नावलीही तयार झाली. माझ्या सरावाच्या वहीत वेळा, अंतरे आणि नाडीचे ठोके नोंदवलेले आहेत. दुखापतीच्या त्या आठवड्यांची पाने मात्र कोरी आहेत, कारण धावले नाही त्या दिवशी नोंदण्यासारखे काही असते, असे तेव्हा मला वाटलेच नव्हते.