चित्र नसलेलं अक्षर

आमच्या अंकलिपीत च चमच्याचा, छ छत्रीचा, ज जहाजाचा, झ झबल्याचा होता आणि पुढच्या चौकटीत नुसताच ञ. चित्रबित्र काही नाही. शिकवताना आजीचं बोट तिथून भर्रकन पुढं सरकायचं. "हे असंच असतं गं, तू पुढं वाच." मला त्या अक्षराची दया यायची. डब्याच्या सुट्टीत डबा न आणलेल्या पोरासारखं ते आपलं रांगेत बसलेलं असायचं.

सप्टेंबरात मी इटलीत बोलोन्याला शिकायला आले आणि ते पोर मला स्टेशनातच भेटलं. गावाच्या पाटीवर! इटालियनमध्ये जी आणि एन शेजारी आले की दोघांचा मिळून होतो ञ. आपण सोयीसाठी बोलोन्या लिहितो, पण कान देऊन ऐकलं तर त्यात न वेगळा नाही की य वेगळा नाही. जीभ टाळूला लावून एका दमात म्हणायचं, बोलोञा. मग काय, सिञोरा, लझाञा, बाञो. बाञो म्हणजे न्हाणीघर आणि संडासही, परक्या गावात सगळ्यात आधी लागणारा शब्द.

आजीला हे सांगेपर्यंत तिनं आपला उच्चार ठरवून टाकला होता. शेजारच्या काकूंना ती सांगते, "नात बोलूनयाला असते." मला वाटतं तिच्या मते ते काम आहे, गाव नाही.

खरं तर माझं शिक्षण इंग्रजीतून चालतं. विद्यापीठ आपला जन्म १०८८ सालचा मानतं. इतक्या जुन्या ठिकाणी येऊन आम्ही इंग्रजीत पीपीटी बघतो. पण वर्गाच्या दाराबाहेर आलं की इंग्रजी संपते. भाजीवाली, बसचा ड्रायव्हर, तळमजल्यावरचे आजोबा, सगळा कारभार इटालियन. म्हणून आठवड्यातून दोनदा संध्याकाळी भाषेच्या वर्गाला जाते. पाऊस असला तरी छत्री लागत नाही, कारण या गावात सगळे मिळून ६२ किलोमीटर पोर्तिको आहेत, म्हणजे घरांच्या पुढं काढलेल्या मजल्यांखालचे कमानींचे रस्ते. पूर्वी गर्दी वाढली तशी लोकांनी वरच्या खोल्या रस्त्यावर पुढं ओढल्या, खाली खांब दिले, आणि खालची वाट सगळ्यांची राहिली. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्यांतले निवडक जागतिक वारशात घेतले. आमच्याकडे असं बांधकाम पुढं काढलं असतं तर आधी नोटीस आली असती.

वर्गात पहिल्याच आठवड्यात कळलं की माझी जीभ इथं येण्याआधीच तयार होती. इतरांचा पित्सा अडखळत होता आणि मला त्यात आपल्या चाकातला च सापडला. ‘चाओ’मध्ये मात्र ‘चार’मधला च. आपल्याकडे दोन्ही आहेत, लिहायला एकच अक्षर असलं म्हणून काय झालं! मी राहते तो रस्ता विया झांबोनी नावाच्या रस्त्याला मिळतो, त्यातला झ हा खरा तर ‘जग’मधला ज. त आणि द तर थेट आपलेच, दाताला जीभ लावून. जोडाक्षरांचीही भीती नाही. ‘हला’ आणि ‘हल्ला’ यांत फरक असतो हे कुणी आपल्याला शिकवावं लागत नाही. वर्गातल्या एकानं मात्र वय सांगताना ‘आन्नी’ऐवजी ‘आनी’ म्हटलं. इटालियनमध्ये ‘मला बावीस वर्षं आहेत’ असं म्हणतात, आणि एक न गाळला की वर्षांच्या जागी शरीराचा एक असा भाग येतो जो माणसाला एकच असतो. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मग आलं ‘मि पियाचे’, म्हणजे ‘मला आवडतं’. सगळा वर्ग इंग्रजीच्या दारातून आत शिरत होता आणि उंबऱ्याला ठेचाळत होता. कर्ता कोण, क्रियापद कुणाचं, काही लागेना. मी मनातल्या मनात म्हटलं, मला चहा आवडतो, मला मांजरं आवडतात. झालं! एक चहा, तर ‘पियाचे’. पुष्कळ मांजरं, तर ‘पियाच्चोनो’. आवडणाऱ्याला कुणी विचारत नाही, जे आवडतं त्याच्या मागं क्रियापद जातं. फक्त त्यांचा ‘मि’ म्हणजे आपलं ‘मला’, एवढं लक्षात ठेवायचं. कोलंबियाची एक मुलगी आणि मी, दोघीच निवांत. तिच्या स्पॅनिशमध्येही हे असंच, आणि तिच्याकडे ञसुद्धा आहे, डोक्यावर लाट घेतलेला. बारा वर्षं इंग्रजी माध्यमात घातलेले पैसे बाबांना परत मागता आले असते तर बरं झालं असतं.

हा तोरा मार्चपर्यंत टिकला. पोह्यांसाठी कोथिंबीर हवी होती. कोशात शब्द पाहिला, कोरियान्दोलो. बाजारात जाताना विचार केला, जुडीत काड्या पुष्कळ, तेव्हा बहुवचन करावं. भाजीच्या गाड्यावरच्या आजींना ऐटीत म्हटलं, कोरियान्दोली आहेत का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या गाड्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर करून ओरडल्या, "आमोरे, कार्निव्हल संपला!" शेजारचा फळवाला हसून पेअरच्या ढिगावर ओणवा झाला.

कोरियान्दोली म्हणजे कार्निव्हलमध्ये उधळायचे रंगीत कागदाचे कपटे. पूर्वी साखरेत घोळवलेले धने उधळायचे, पुढं कागद आला, नाव धन्यांचंच राहिलं. हे मला नंतर घरी कळलं. गाड्यावर फक्त एवढंच कळलं की मला कपटे नकोत, हिरवं काहीतरी हवंय हे आजींच्या लक्षात आलंय. त्यांनी एक जुडी हातात कोंबली आणि पैसेही घेतले नाहीत. घरी येऊन पोह्यांवर पेरली. रंग तोच, पानांची नक्षी जवळपास तीच, आणि वास कुठल्या तरी तिसऱ्याच घरचा. प्रेत्सेमोलो, पार्सली. ते पोहे मी पूर्ण खाल्ले, कारण पोह्यांचा काही दोष नव्हता. खरी कोथिंबीर शेवटी कमानींखालच्या बांगलादेशी दुकानात मिळाली. दुकानदार दादांना ‘धनिया’ म्हटल्याबरोबर ते "धोने पाता!" म्हणत आत गेले. इटालियनचा एक शब्द लागला नाही.

पुस्तकातली इटालियन एक आणि गावातली दुसरी, हे घरातही शिकायला मिळालं. आम्ही चौघी एका घरात राहतो. एका मंगळवारी घरातली एक जण जाता जाता म्हणाली, आज रुस्को तुझ्याकडे. मी खोली बघितली, पलंग एकच. म्हटलं ठीक आहे, पण हा रुस्को कोण, आणि किती दिवस राहणार? ती आधी गोंधळली, मग स्वयंपाकघरात जाऊन बाकीच्या दोघींना सांगून आली आणि मग तिघी मिळून हसल्या. कचऱ्याला पुस्तकात ‘स्पात्सातूरा’ म्हणतात, तो शब्द मी घोकून पाठ केला होता. बोलोन्यात कचरा म्हणजे रुस्को. आज बाहेर टाकायची पाळी माझी होती, इतकंच.

तेव्हापासून माझी पाळी आली की फ्रिजवर चिठ्ठी असते, ‘रुस्को दारात उभा आहे.’

परवा आजीशी फोन चालू असताना पिशवी उचलली.

"कुठं निघालीस गं?"

"काही नाही, रुस्कोला बाहेर सोडून येते."

पलीकडे जरा वेळ नुसती मालिका ऐकू येत राहिली. मग मालिकेचा आवाज बारीक झाला आणि आजीनं आईला हाक मारली.