गोठ्यावरच्या माळ्यातलं युफोनियम

मागच्या पावसाळ्यात साताऱ्याकडच्या एका गावातून फोन आला, आजोबांच्या बँडचा जुना बाजा पडून आहे, भंगारवाला किलोवर मागतोय, तुम्ही बघायला येता का. मी जुनी पितळी वाद्यं गोळा करून जपतो, लागेल तेवढीच दुरुस्ती करतो. लग्नाच्या बँडमधली किती कॉर्नेट, किती ट्रम्पेट अशीच मोडीत जाऊन वितळली ते बघितलंय, म्हणून दुसऱ्याच दिवशी पहिली एसटी पकडली.

बाजा होता गोठ्यावरच्या माळ्यात, पोत्यात गुंडाळलेला. खाली दोन म्हशी. पोतं सोडलं तर आत युफोनियम, बँडमधला जाड आवाजाचा मोठा पितळी बाजा, आणि भोंग्यावर कोरलेलं बूझी अँड कंपनी, लंडन! म्हणजे १९३० च्या आधीचं, कारण त्या साली ही फर्म हॉक्स या दुसऱ्या फर्मशी एकत्र झाली आणि नाव बदललं. माझे तर हातच थरथरायला लागले.

तेवढ्यात वहिनी चिंच आणि राख घेऊन आल्या, घासून देते म्हणाल्या, लख्ख होईल. मी अक्षरशः हात जोडले. प्रत्येक घासणीला थोडं पितळ जातं आणि सगळ्यात आधी जातं ते कोरीव नाव, बफिंग मशीनवर धरून चकाचक केलेली वाद्यं माझ्याकडे येतात त्यांच्यावर कुणी बनवलं हेसुद्धा वाचता येत नाही. काळं पडलेलं पितळ मेलेलं नसतं हो, तो वरचा थर उलट आतल्या धातूला सांभाळतो.

मग वाकणापाशी बोट फिरवताना नख अडकलं. केसाएवढा तडा, नळीच्या लांबीने गेलेला, आजूबाजूला पोचा नाही की मार लागल्याची खूण नाही. मी बराच वेळ बघत बसलो, आणि खालून म्हशींच्या मुताचा वास आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अमोनिया! वाकवलेल्या पितळात ताण राहिलेला असतो, त्याला दमट हवा आणि अमोनिया मिळाला की ते आपोआप चिरतं. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं भारतात पावसाळ्यात अशीच तडकायची, घोड्यांच्या तबेल्यांमुळे. हे वाचलेलं होतं, पण समोर पहिल्यांदाच बघितलं. त्यामुळे डाख वगैरे नंतर, आधी बाजा माळ्यावरून खाली आणि गोठ्यापासून लांब.

ओसरीवर आणून पुसताना अजून एक दिसलं. सूर जुळवायची जी मोठी सरकती नळी असते तिच्या दोन्ही पायांना चार-चार सेंटीमीटरचे तुकडे जोडलेले, पितळ वेगळ्या रंगाचं, वर बारीक हातोडीचे ठोके. मी विचारलं तर आजोबा म्हणाले, "ती आमच्या बापानं तांबटाकडनं बशिवली. पेटीसंगं सूर लागंना म्हनून." बरोबरच आहे! इंग्लंडच्या बँडांचा जुळवणीचा सूर १९६० च्या दशकापर्यंत ४५२ हर्ट्झच्या आसपास असायचा, नेहमीच्या ४४० पेक्षा जवळजवळ पाव स्वर चढा. नऊ फूट नळीच्या वाद्याला तेवढं उतरवायचं तर साधारण आठ सेंटीमीटर लांबी वाढवावी लागते, आणि त्या तांबटाने ती निव्वळ कानावर काढली होती. मूळ रूपात आणायचं म्हणून हे तुकडे काढून टाका असं सांगणारे भेटतात. मी नाही काढणार. लंडनच्या कारखान्याइतकाच तो तांबटही या वाद्याचा कारागीर आहे.

निघताना आजोबांनी बाजा मांडीवर घेतला. दात गेलेत, फुंकता येत नाही, पण उजव्या हाताची तीन बोटं बरोबर जागेवर जाऊन बसली. पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, जाम होते. "तिसऱ्याला जोर लावू नका," म्हणाले, "त्यो पहिल्यापास्नं जडच."

आता माझ्याकडे सुती कापडात आहे, जवळ सिलिका जेलच्या पिशव्या. पहिले दोन पिस्टन सुटलेत. तिसऱ्याला रोज दोन थेंब तेल सोडतोय, जोर न लावता.