उजेडातलं नाटक

लंडनला आल्यावर ग्लोब थिएटरचं पहिलं तिकीट काढलं ते उभ्याचं. तेवढंच परवडत होतं. १९९७ साली शेक्सपिअरच्या काळातल्या नाट्यगृहासारखं हे थिएटर थेम्सच्या काठी नव्याने उभं राहिलं. तेव्हापासून कित्येक वर्षं अंगणातली जागा ५ पौंडांना मिळायची. अंगण म्हणजे खरोखरच अंगण: वर आभाळ, सभोवार तीन मजली लाकडी सज्जे, त्यांवर गवती छप्पर आणि मध्ये सुमारे ७०० माणसं उभी. पाऊस आला तर भिजायचं, छत्री उघडू देत नाहीत.

दारं उघडली तशी मी रंगमंचाला जाऊन टेकले. शेजारी सत्तरीतल्या एक बाई होत्या. मला हाताला धरून त्यांनी चार पावलं डावीकडे सरकवलं, "तिथे खांब आड येईल गं." मग डब्यातलं अर्धं सँडविच माझ्यापुढे धरलं. परक्या शहरात, ओळखदेख नसलेल्या बाईने! एवढ्यात पोशाख केलेली एक नटी येऊन आमच्यासमोर मंचाच्या कडेला बसली आणि बुटाची नाडी बांधू लागली. नाडी बांधता बांधता विचारलं, कुठली तू? मी म्हटलं, कुडाळ. नीट जमेपर्यंत तिने तो शब्द तीनदा म्हणून पाहिला.

मला आमची जत्रा आठवली. दशावतारी नाटकाला रात्री उशीर व्हायचा. तोवर आम्ही पोरं हातात खाजं घेऊन रंगपटाच्या दाराशी उभी. एक काका आरशात बघून स्वतःचं तोंड रंगवत असायचे. "काय गो, झोप येणा नाय तुका?" म्हणायचे आणि भुवई कोरत राहायचे. तासाभराने तेच काका राणी होऊन रडले की आम्हीही रडायचो. आत बघितलं म्हणून नाटकाची जादू जाते असं लोक म्हणतात. मला ते कधीच पटलेलं नाही. ग्लोबनेच केलेलं शेक्सपिअरचं 'ट्वेल्फ्थ नाइट', ज्यात स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करत होते, २०१३ मध्ये न्यूयॉर्कला गेलं, तेव्हा नट प्रेक्षकांसमोर मंचावरच पोशाख चढवत. लवकर येऊन लोक ते बघत बसायचे.

नुसता मोकळेपणा असला की झालं, असंही नाही. इथल्याच एका मोठ्या बंद थिएटरात मी गेले होते. दारू, आइस्क्रीम, गप्पा, सगळं होतं. पण जो तो आपापल्या घोळक्यात. दिवे गेले आणि मी अंधारात एकटी उरले. ग्लोबमध्ये दिवे जातच नाहीत. दुपारी ऊन, रात्री सगळ्यांवर सारखाच प्रकाशझोत. ज्या चेहऱ्यांशी आधी बोललो ते नाटकभर दिसत राहतात, आणि नटांनाही आपण दिसतो. नाटकाआधीच्या त्या अर्ध्या तासात जुळलेलं म्हणूनच पुढे टिकतं. शोकांतिकेत याची किंमत मोजावी लागते हे खरं, सैलावलेली गर्दी नको तिथे हसते. मला ती किंमत मान्य आहे.

त्या दिवशीही 'ट्वेल्फ्थ नाइट'च होतं. नाडी बांधणारी ती नटी व्हायोला निघाली, म्हणजे पुरुषवेशातली मुलगी. ऑलिव्हिया नावाची बाई तिला पुरुष समजून भाळते आणि 'ही तू ठेवून गेलास' असा बहाणा करून तिच्यामागोमाग अंगठी पाठवते. व्हायोला एकटीच मंचाच्या कडेशी आली आणि आम्हालाच विचारू लागली: मी तर अंगठी ठेवलीच नव्हती, मग या बाईच्या मनात आहे तरी काय?

"प्रेमात पडलीय ती तुझ्या!" शेजारच्या बाई जोरात म्हणाल्या.

सगळं अंगण हसलं. व्हायोलाने वळून त्यांच्याकडे पाहिलं, हसू ओसरू दिलं आणि घाबरून पुढचं वाक्य थेट त्यांनाच म्हटलं: माझ्या रूपावर भुलली नसू दे रे देवा! ते वाक्य चारशे वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं, आणि बाई त्यावर मान डोलावत होत्या.