वास येत नाहीये, मग घालू का?

आठवड्यातून एकदा तरी मला उघड्या डब्याचा फोटो येतो. डब्यात कुत्र्याचं ताजं, शिजवलेलं, फ्रीजमध्ये ठेवायचं खाणं, आणि खाली ठरलेला प्रश्न: "उघडून चार दिवस झाले. वास तर येत नाहीये. घालू का?" कुणी पाकिटातलं विकत आणलेलं असतं, कुणी घरी शिजवलेलं. मी पशुवैद्य नाही. एकदा चांगलीच तोंडावर आपटले आणि त्यानंतर या विषयाच्या मागे लागले, एवढीच माझी पात्रता.

तर तुम्ही विचारलंत म्हणून. फोटोवरून सांगता येत नाही हे तुम्हालाही कळतंच. पण वासावरूनही सांगता येत नाही, हे मलाही आधी पटत नव्हतं. अन्न नासवणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे वेगळे. आंबूस वास, बुळबुळीत पृष्ठभाग, बदललेला रंग ही बहुतेक वेळा नासवणाऱ्यांची करामत. साल्मोनेला किंवा लिस्टेरिया अन्नात भरपूर वाढले, तरी ना वास बदलतो ना रंग. म्हणून वास आला तर टाकायचं हे बरोबर, पण वास नाही म्हणून घालायचं हे चूक. पाकीट फुगलेलं दिसलं तर उघडून वास घेण्याच्याही फंदात पडू नका. आणि "त्याने तर आवडीने खाल्लं" याला तर काहीच अर्थ नाही. मेलेलं पाखरू दिसलं की ज्याच्या तोंडाला पाणी सुटतं, त्याला कसला परीक्षक नेमता!

माझं काय झालं ते सांगते. आमचा कुत्रा बंड्या तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याच्या खाण्याचा एक मोठा डबा चार दिवस पुरायचा. तिसऱ्या रात्री त्याला जुलाब सुरू झाले, पहाटे उलट्या. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी म्हटलं, नेहमीचंच, फ्रीजमधलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "फ्रीजबाहेर किती वेळ असतं?" मी म्हणाले, छे, बाहेर नसतंच.

घरी येऊन स्वतःवर पाळत ठेवली. डबा काढला, झाकण उघडलं, बंड्याचा वाटा काढला, त्यात गोळी कुस्करली, तेवढ्यात फोन. डबा ओट्यावर तसाच. आत ठेवेपर्यंत पंचवीस मिनिटं झाली होती. दिवसातून दोनदा, म्हणजे तिसऱ्या संध्याकाळपर्यंत सहा वेळा. अडीच तास! शिवाय चमचा. आधी डब्यात, मग बंड्याच्या भांड्यात, भांड्याला चिकटलेलं खाली ढकललं, आणि थोडं कमी वाटलं म्हणून तोच चमचा पुन्हा डब्यात. बंड्याला नेमकं त्यानेच बाधलं का, याची तपासणी काही झाली नाही. दोन दिवसांत तो बरा झाला. पण तो हिशोब माझ्या डोक्यातून गेला नाही.

जंतूंना मानवणारा पट्टा साधारण 4 ते 60 अंश सेल्सिअस. त्यात अनुकूल तापमान मिळालं तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एकाचे दोन तासांत चौसष्ट. म्हणूनच माणसांच्या अन्नाचा नियम इथेही लागू होतो: फ्रीजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त नाही, आणि खोलीत 32 अंशांच्या वर गरम असेल तर एकच तास. 'एकूण' हा शब्द महत्त्वाचा. डबा परत फ्रीजमध्ये ठेवला म्हणजे घड्याळ शून्यावर येत नाही. वाढलेले जंतू आत जाऊन मरत नाहीत, नुसते मंदावतात. लोक मला दिवस विचारतात आणि मी त्यांना तास विचारते, ते यासाठी.

आता मी डबा ओट्यावर आणतच नाही. खाणं आलं की त्याच दिवशी एकेका वेळचे वाटे छोट्या डब्यांत भरते, दोन-तीन दिवसांचे फ्रीजमध्ये, बाकी फ्रीझरमध्ये. एक डबा, एक जेवण. गोळी कुस्करताना फोन आला तर येऊ दे. पाकिटावरचा तारखेचा आणि बॅच नंबरचा तुकडा कापून डब्यांच्या खोक्याला चिकटवते. कंपनीने एखादा माल परत मागवला तर आपल्या घरातला त्यातलाच आहे की नाही, हे त्या तुकड्याशिवाय कळणार कसं?

दिवसांचंही सांगते, नाहीतर म्हणाल टाळलं. विकतच्या पाकिटावर उघडल्यानंतरची मुदत लिहिलेली असते, ती पाळा. पाकिटावरची लांबची तारीख बंद पाकिटाची असते. कारखान्यात जंतू मारायला उष्णता द्या की प्रचंड दाब, पाकीट उघडलं की त्याच्याशी आपला हात आणि आपला चमचा यांची गाठ. घरी शिजवलेलं तीन ते चार दिवस. कच्चा खिमा असेल तर एक ते दोन दिवसच. फ्रीजमध्ये सगळंच थांबतं असं नाही. लिस्टेरिया तर 4 अंशांनाही हळूहळू वाढतो.

आणि तुमचा फ्रीज 4 अंशांना आहे हे कुणी सांगितलं? आतल्या बटणावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. एक साधा फ्रीजचा थर्मामीटर आणा, पाण्याच्या पेल्यात बुडवून रात्रभर आत ठेवा आणि सकाळी वाचा. माझ्याकडे मागच्या बाजूला 3 आणि दारातल्या कप्प्यात 9 निघाले. पाकीट दारात छान उभं राहतं म्हणून मी ते वर्षभर तिथेच ठेवत होते! कच्चं मांस असेल तर सगळ्यात खालच्या कप्प्यात, ताटलीत, म्हणजे गळलं तरी आपल्या अन्नावर टपकणार नाही.

घरी शिजवणाऱ्यांची एक हमखास चूक म्हणजे मोठं पातेलं झाकून ओट्यावर रात्रभर निवत ठेवणं. शिजवल्याने बहुतेक जंतू मरतात, पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कवचातली झोपी गेलेली रूपं, तग धरतात, आणि पातेल्याच्या मध्यभागी तासन् तास टिकणारी कोमट ऊब त्यांना फारच मानवते. पसरट डब्यांत पाचेक सेंटीमीटरचा थर करा. 60 वरून 21 अंशांपर्यंत दोन तासांत, आणि तिथून पुढच्या चार तासांत 5 पर्यंत उतरायला हवं. पातेलं थंड पाण्यात ठेवून ढवळलं तरी बरंच काम होतं.

फ्रीझरने जंतू मरतात, हा आणखी एक लाडका समज. उणे 18 अंशांना ते वाढत नाहीत, एवढंच. बर्फ सुटला की पुन्हा कामाला लागतात. त्यामुळे गोठलेला डबा आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये उतरवायचा. विसरलात तर घट्ट बंद पिशवीत घालून थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलून. मायक्रोवेव्हमध्ये सोडवलं तर लगेच खायला घालायचं, आणि नीट ढवळून, बोट लावून बघून, कारण एका कोपऱ्यात बर्फ आणि दुसऱ्यात चटका असा त्याचा कारभार असतो. वीज गेली तर दार उघडून "गार आहे का" बघू नका. बंद फ्रीज साधारण चार तास धरतो, गच्च भरलेला फ्रीझर 48 तास.

भांड्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. 2022 साली प्लॉस वन या नियतकालिकात 417 कुत्रा पाळणाऱ्यांची पाहणी आली होती. खाणं आणि भांडी हाताळण्याच्या अधिकृत सूचना माहीत असणारे त्यांत 5 टक्केही नव्हते. चाटूनपुसून लख्ख दिसणाऱ्या भांड्यात आतून बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागतं. तो थर नुसत्या पाण्याने जात नाही. प्रत्येक ओल्या जेवणानंतर साबण, गरम पाणी आणि त्याची स्वतःची वेगळी घासणी. मग वीस सेकंद आपले हात. कच्चं मांस घालत असाल तर आणखी कडक, कारण कुत्रा ठणठणीत दिसत असतानाही त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला बाहेर पडू शकतो. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर मी कच्चं घालणार नाही. हे माझं मत, त्यावर वाद घालायला माझी तयारी आहे.

भांड्यात उरलेलं? अर्धा तास वाट बघते, मग टाकते. परत डब्यात नाही. जीव तुटतो, मान्य. टाकताना पिशवीला गाठ मारा आणि कचऱ्याचा डबा दाराआड ठेवा. मी पहिल्यांदा मोठ्या शिस्तीने पाच दिवसांचं खाणं टाकलं, हात धुतले, आणि मागे वळले तर डबा आडवा आणि बंड्या मिशा चाटत बसलेला.