खाऊचे पैसे आणि वहीतले चार रकाने

सहावी ते आठवीच्या मुलांना पैशाचं भान द्यायचं, तर खाऊचे पैसे ठरलेल्या वारी, ठरलेली रक्कम, आठवड्यातून एकदाच द्या. महिन्याचे एकदम दिले की चार दिवसांत उडतात; या वयाला महिना फार लांब वाटतो.

वहीत चार रकाने पुरतात: तारीख, जमा, खर्च, शिल्लक. रोज रात्री हातातले पैसे मोजून शिल्लकेशी ताडून पाहायचे. ताळा चुकतो तो बहुधा सुट्या नाण्यांमुळे, नाहीतर मित्राला दिलेल्या उसन्यामुळे. खाडाखोड करून जुळवू देऊ नका. 'इतक्याचा हिशोब लागत नाही' असं लिहून पुढे जायचं.

सगळ्यात मोठी चूक मात्र मोठ्यांचीच. बुधवारी पैसे संपले की हळूच भर घालतात, आणि शिकवणी तिथेच आटोपते.

व्याज सूत्राने सुरू करू नका (ते परीक्षेपुरतं आहेच). १०० वर १० टक्के चक्रवाढ: ११०, १२१, १३३.१०. सरळव्याजाने १३० झाले असते, वरचे ३.१० कुठून आले ते मुलांनाच शोधू द्या. मग ७२ ला व्याजदराने भागायला सांगा: ८ टक्क्यांनी रक्कम साधारण ९ वर्षांत दुप्पट. हेच गणित थकलेल्या कर्जाला लावलं, की वर्ग एकदम गप्प होतो.